डाव्या हाताचा चाकू

आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक साहेब बदलून आले. माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे ते मला काका म्हणायचे आणि मी त्यांना साहेब. माणूस साधा होता. डबा आमच्यासोबत बसून खायचे, कामगाराशी बोलताना आवाज चढवायचे नाहीत. नाद एकच, घडीच्या चाकूंचा. एक कायम खिशात असायचा आणि घरी म्हणे पेटीत मखमलीवर मांडून ठेवलेले आणखी आठ-दहा.

एका दुपारी चहाच्या वेळी त्यांनी नवा चाकू काढला. राखाडी मूठ, अंगठ्यानं ढकललं की पातं अलगद बाहेर यायचं आणि शेवटी असा काही भरीव आवाज करून बसायचं की ऐकतच राहावं. मी किंमत विचारली. त्यांनी सांगितली. माझा अर्ध्या महिन्याचा पगार.

"साहेब, रागावू नका," मी म्हणालो, "पण वीस वर्षं मी ग्राइंडिंगवर उभा आहे. धार लावणाऱ्याच्या हातात असते, कंपनीच्या नावात नसते. माझी आई शहागंज बाजारातल्या साध्या चाकूवर उभा जन्म कलमं करतेय. तिच्या चाकूनं तुमची दाढी होईल."

बाकीचे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी चाकू मिटवला आणि माझ्यासमोर ठेवला. "काका, आठवडाभर घेऊन जा. वापरा. मग सांगा."

मला तसा तो चाकू खोटा ठरवायचाच होता. म्हणून घेऊन गेलो.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आम्ही तिला माय म्हणतो. वाळूजच्या पुढं, गंगापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला एक रोपवाटिका आहे. माझ्या जन्माच्याही आधीपासून माय तिथं कामाला जाते. काम मोसंबीची कलमं करायचं. जंबेरीचं, म्हणजे जंगली लिंबाचं, पेन्सिलीएवढं जाड रोप पिशवीत वाढवलेलं असतं, त्याला खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालीवर चाकूनं एक उभी आणि एक आडवी चीर द्यायची, साल हलक्या हातानं उचकटायची. मग चांगल्या मोसंबीच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते ती जागा, नखाएवढ्या सालीसकट कापून घ्यायचा आणि त्या चिरेत सरकवायचा. वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. काप सरळ आला तर डोळा खुंटाला चिकटतो. काप वाकडा आला, मध्ये हवा राहिली, की डोळा काळा पडतो. सगळी कला त्या एका कापात आहे.

माय डावखुरी. लहानपणी जेवताना डाव्या हातावर इतक्यांदा फटके बसले की जेवायला ती उजवा हात शिकली. बाकी सगळं डाव्यानं. झाडणं, खुरपणं, भाकरी थापणं, आमच्या पाठीत धपाटा घालणं.

रोपवाटिकेत ती पहिल्यांदा गेली तेव्हा मालक तरुण होते. त्यांनी तिच्या डाव्या हातात चाकू पाहिला आणि काढून घेतला. "डाव्या हाताचं कलम लागत नाही," म्हणाले. तिला पाणी घालायच्या कामावर लावलं. मायनं वाद घातला नाही. कुंपणाजवळ वाकडी निघालेली, टाकून दिलेली खुंटं पडली होती. जेवणाच्या सुट्टीत ती तिथं बसायची आणि दुसऱ्या बाईचा चाकू मागून घेऊन त्यांच्यावर डोळे भरायची. तीन आठवड्यांनी मालक कुंपणाशी गेले तर ती टाकाऊ रोपं हिरवी फुटलेली. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मायच्या समोर चाकू ठेवला आणि निघून गेले.

ही गोष्ट ती आम्हाला फार वेळा सांगायची. आणि आम्ही ती आवडीनं ऐकायचो. पण ऐकताना मला एक गोष्ट कधीच सुचली नाही, ती पुढं सांगतो.

साहेबांचा चाकू घरी आणला त्या संध्याकाळी मी त्याची परीक्षा मांडली. बायको म्हणाली, "एवढा मोठा माणूस खेळणं घेऊन बसलाय." मी पुठ्ठ्याची खोकी कापली, जुना रबरी पाइप कापला, नायलॉनची दोरी कापली. मायचा चाकू आणि हा चाकू, आलटून पालटून. सुरुवातीला मायचा जास्त धारदार निघाला, मला बरं वाटलं. पण दोरीचं एक भेंडोळं संपेपर्यंत मायच्या चाकूची धार गेली आणि साहेबांचा होता तसाच चालत राहिला. सगळं पोलाद सारखं नसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याच कारखान्यात दोन डायांच्या, म्हणजे साच्यांच्या, पोलादात किती फरक पडतो ते मी रोज बघतो. वाद जिंकायच्या नादात मी ते विसरलो होतो.

मग मी पातं उघडून पाठीमागून दाबून पाहिलं. साहेबांचा चाकू हलला नाही. मायचा चाकू दोन-चार महिन्यांचाच, तरी स्प्रिंग ढिली झालेली, पातं गपकन मिटलं. आणि मिटताना मला मायचं बोट आठवलं.

मी सातवीत असेन. माय दुपारीच घरी आली, हाताला धुडकं गुंडाळलेलं. चाकू काम करताकरता मिटला होता आणि तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात हाडापर्यंत गेला होता. तिनं काय केलं असेल, तर कलमाला बांधायची तीच प्लास्टिकची पट्टी बोटाला आवळून गुंडाळली होती आणि हातातली ओळ संपवूनच आली होती. दवाखान्यात टाके पडले. तेव्हापासून त्या बोटाचं टोक वाकत नाही. भाकरी थापताना ते एक बोट जरा ताठ राहतं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते बोट तसंच असतं असं आम्ही धरून चाललो होतो.

"माय," मी म्हणालो, "हा चाकू बघ. हा मिटत नाही."

तिनं चष्मा लावला. चाकू फिरवून पाहिला, पातं नखावर टेकवून पाहिलं. मग उठून दारात गेली. दारात आमचं लिंबाचं एक झाड आहे, तेलाच्या जुन्या ड्रममध्ये लावलेलं. त्याची एक काडी तिनं कापली आणि डोळा काढायला गेली. पातं पाठीला जाड होतं. ते आत शिरलं तशी साल फाटली.

"मेला," ती म्हणाली. म्हणजे डोळा.

तिनं परत एकदा करून पाहिलं. तो डोळाही फाटला. तिनं पातं पदराला पुसलं, नीट मिटवलं आणि मला दिलं. "साहेबाला सांग, लई देखणा हाय. पोलाद बी चोख हाय. पण हा नेमका कशासाठी केलाय, ते ह्यालाच ठाव नाय."

मी हसलो. मला वाटलं, जिंकलो. सहज विचारावं तसं विचारलं, "मग तुला कसा पाहिजे चाकू?"

मायनं चष्मा काढला आणि माझ्याकडं पाहिलं. असं तिला कधी कोणी विचारलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मला व्हय?" ती म्हणाली. "मला माझ्या हाताचा पायजे. पण तसा नसतोय."

"हाताचा म्हणजे?"

"आरं, कलमाच्या चाकूला एकाच अंगानं धार असती ना. उजव्या हाताच्या मानसासाठी."

मी तिच्या हातातून तिचा चाकू घेतला आणि दिव्याखाली धरला. एका बाजूनं पातं सपाट, दुसऱ्या बाजूनं उतरतं घासलेलं. मी असे चाकू शंभर वेळा हातात धरले असतील. उजव्या हातात धरला की सपाट बाजू काडीवर टेकते आणि काप पट्टीनं आखल्यासारखा सरळ येतो. मी तो डाव्या हातात घेतला. आता उतरती बाजू काडीवर आली. जरा कापून पाहिलं तर पातं आपोआप आत घुसायला लागलं, आणि सावरायचं म्हटलं तर मनगट बाहेरच्या अंगाला पिळावं लागत होतं.

"मग तू इतकी वर्षं कशी करतेस?"

"असं." तिनं मनगट पिळून दाखवलं. "आन् दगडावर घासून घासून धार फिरवून घ्यायची हळूहळू. पण निम्मा चाकू तर फिरवन्यातच संपतो. मग नवा आला की परत उलटा."

रोज संध्याकाळी माझी बायको तिच्या मनगटाला मिठाच्या पुरचुंडीनं शेक देते. आम्ही म्हणायचो, वयाचं दुखणं. मी धारेचं काम करणारा माणूस. कोणत्या कोनात काय घासायचं यावरच माझं पोट चालतं. आणि माझ्या घरात, माझ्या आईच्या हातात धार उलटी आहे, हे मला कधी दिसलं नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. माय मात्र नेहमीसारखी जेवली आणि आपल्या जागी झोपली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी शहागंजात गेलो. कुलपं, कात्र्या, चाकू विकणारं एक जुनं दुकान आहे. मालक म्हातारे, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांना मी डाव्या हाताचा कलमाचा चाकू मागितला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग गल्ल्यावर बसलेल्या भावाकडं पाहिलं.

"बाएं हात का चाकू? ऐसा कुछ नै आता भाई," ते म्हणाले. "चाकू को क्या मालूम, पकडनेवाला हात कौनसा है?"

थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला तरी आठवड्यापूर्वी कुठं माहीत होतं. मी एक नेहमीचाच चाकू घेतला. ठरवलं होतं, आपणच करू.

साहेबांची परवानगी काढली आणि शिफ्ट सुटल्यावर मशीनवर उभा राहिलो. आधीची धार पूर्ण काढून टाकली, पातं उलट्या बाजूनं उतरवलं. तापू नये म्हणून पाण्याची धार सोडून, थांबत थांबत. कारखान्यातल्या कुठल्या महागड्या डायला लावला नसेल इतका जीव त्या साठ-सत्तर रुपयांच्या चाकूला लावला. दिसायला छान झाला. मायनं तो घेतला, माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "झकास केलास."

चार दिवस ती तो घेऊन कामाला गेली. रोज मी विचारायचो, रोज ती म्हणायची, "चांगला चालतोय." पाचव्या दिवशी तिच्या पिशवीतून डबा काढताना मला खाली तिचा जुना चाकू दिसला. माझा चाकूही होता, एका फडक्यात गुंडाळलेला. मी उघडून पाहिला. पातं मुळातच मऊ होतं. उलटं घासल्यावर आणखी पातळ झालेलं, त्याची धार कडेला मुडपली होती. आणि उघडायला पात्यावर नखासाठी जी खाच असते ती उजव्या हातासाठी होती तिथंच राहिली होती. मी माझ्या चाकूला फक्त धार दिली होती. बाकीचा चाकू अजून दुसऱ्याचाच होता.

साहेबांना मी हे सगळं सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं, कारण चहाच्या टेबलावर मी फार मोठ्यानं बोललो होतो. त्यांनी ऐकून घेतलं. टिंगल केली नाही. म्हणाले, "काका, मला दोन दिवस द्या."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. परदेशातली एक कंपनी. कलमाचे घडीचे चाकू करते. लाकडी मूठ, पातळ पातं, साल उचकटायला मागं पितळेची छोटी जीभ. आणि प्रत्येक चाकूच्या खाली दोन पर्याय, उजव्या हातासाठी आणि डाव्या हातासाठी. मी ती ओळ तीनदा वाचली. चाकू दिसायला अगदी साधा होता, साहेबांच्या चाकूसारखा रुबाब नाही. किंमत मात्र अशी की शहागंजातून तेवढ्यात पाटीभर चाकू आले असते. वर आणायचा खर्च वेगळाच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, वेड लागलंय का. ती तेव्हा गॅसवर तव्यात मीठ भाजत होती, मायच्या शेकासाठी.

"काय करू?" मी विचारलं. "एका चाकूला एवढे?"

तिनं मीठ फडक्यात बांधलं, गाठ मारली. "आत्याबाईंचं मनगट रोज मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही नाही धरत. मागवा."

पार्सल यायला महिना गेला. आलं तेव्हा पत्त्यावर आमच्या शहराचं बदलण्याआधीचं, जुनंच नाव होतं, पण पिनकोड बरोबर होता. मी ते तसंच मायच्या पुढ्यात ठेवलं. तिनं खोकं उघडलं, आतला कागद घडी घालून बाजूला ठेवला, मग चाकू हातात घेतला.

मी तिला काही सांगितलं नव्हतं. बघायचं होतं. एरवी ती चाकू उजव्या हातात घेऊन, डाव्याचं नख लावून, जरा कसरत करून उघडायची आणि मग हात बदलायची. या वेळी चाकू डाव्या हातात होता. तिचा उजवा अंगठा खाच शोधत गेला आणि त्याला ती लगेच सापडली, जिथं पाहिजे तिथंच. पातं उघडलं. हात बदलावा लागला नाही. ती थांबली. मिटवला. परत उघडला. मग पातं डोळ्यांजवळ नेलं, एका अंगानं पाहिलं, दुसऱ्या अंगानं पाहिलं.

"आरं," ती म्हणाली, "हा तर उलटा हाय."

"उलटा नाही माय. तुझ्या हाताचा आहे."

"तू घासलास?"

"नाही. तिकडं असेच करतात. डाव्या हातानं काम करणाऱ्यांसाठी."

"मंजी आसत्यात तिकडं बी?" तिनं विचारलं. "माझ्यावानी?"

मी हो म्हणालो. तिनं चाकू मांडीवर ठेवला आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं. मग एकदम किंमत विचारली. मी खोटं सांगणार होतो, बायकोनं डोळ्यांनी खुणावलंही, पण मी खरीच सांगितली. मला तिच्याकडून खरा निकाल हवा होता, आणि किंमत माहीत नसलेल्या माणसाचा निकाल अर्धाच असतो. मायनं चाकू परत उचलून पाहिला. "एका चाकूला?" एवढंच म्हणाली. पण सकाळी तो चाकू पिशवीत घालूनच कामाला गेली.

मी त्या आठवड्यातल्या सुट्टीला तिच्यासोबत रोपवाटिकेत गेलो. लहानपणी जायचो, नंतर कित्येक वर्षं गेलो नव्हतो. हिवाळ्याचे दिवस, कलमांचा हंगाम. हिरव्या जाळीखाली पिशव्यांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीत एक बाई बसलेली. माय आपल्या ओळीत बसली आणि कामाला लागली. मी बाजूला उकिडवा बसून तिचं मनगट बघत होतो. ते सरळ होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं मनगट काम करताना सरळ पाहिलं. चीर, साल, डोळा, पट्टी. चीर, साल, डोळा, पट्टी. ते ताठ बोट तेवढं मुठीच्या वर टेकलेलं.

शेजारच्या ओळीतली बाई मायची जुनी सोबतीण, तीस वर्षांची संगत. तिला राहवलं नाही. "दाव गं मला," म्हणत तिनं चाकू घेतला. तिच्या उजव्या हातात. काडीवर टेकवला, ओढला, आणि डोळा अर्ध्यातच तुटला. तिनं दुसरा घेतला. चाकू खोल लाकडात रुतला. तिसऱ्याला पातं वर पळालं.

"ह्याला काय झालंय?" ती वैतागली. "वाकडंच जातंय मेलं!"

माय हसायला लागली. इतकी की तिला खोकला आला. "तेला काय बी झालं नाय," ती म्हणाली. "आता मनगट पिळ. आसं, भायेरच्या अंगाला. आन् आता दिसभर कर."

मग सगळ्याच बाया उठून आल्या. एकेकीनं करून पाहिलं, एकेकीचा डोळा फाटला आणि दर वेळी हशा पिकला. पण ती जुनी सोबतीण हसत नव्हती. तिनं मायचं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्यानं चोळत राहिली. "तीस वर्सं शेजारी बसली मी," ती म्हणाली. "कवा बोलली नाहीस तू."

गलका ऐकून मालक आले. आता सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. काय चाललंय ते त्यांनी ऐकलं आणि चाकूसाठी हात पुढं केला. खुर्ची मागवली, काडी मागवली. तेही एकेकाळचे पट्टीचे कलमवाले. त्यांनी सावकाश काप दिला. डोळा फाटला. त्यांनी आणखी सावकाश दुसरा दिला. तोही फाटला. मालक पातं उलटंसुलटं करून बघत राहिले.

"म्हणजे आमचे चाकू तुला असे लागायचे?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"तुम्हीच म्हणला हुता, मालक," माय म्हणाली, रागानं नाही, सहज आठवण करून द्यावी तशी, "डाव्या हाताचं कलम लागत नाय."

मालकांना ते आठवत होतं की नाही, कोण जाणे. मग त्यांनी चाकू मिटवला, काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी चाकू मायपुढं धरला. "हाताचा दोष नव्हता तो," ते म्हणाले. "चुकलं माझं." मायनं चाकू घेतला आणि आपल्या ओळीत जाऊन बसली. जाताना तिचे कान लाल झाले होते.

महिन्याभरानं साहेबांनी चहाच्या वेळी विचारलं, "मग काका, निकाल काय? महाग चाकू परवडतो की नाही?"

मी घरी विचारून आलोच होतो. मायचा निकाल असा होता: कलमं पूर्वीइतकीच लागतात, एकही जास्त नाही. सकाळी नीट घासला तर बाजारातला चाकूही तेवढाच धारदार असतो. हा दुपारपर्यंत तसाच राहतो, बाजारातल्याला दोनदा दगड लागतो. हा मिटत नाही. आणि संध्याकाळी शेक लागत नाही. हे शेवटचं तिनं सांगितलं नव्हतं, बायकोनं सांगितलं.

"साहेब," मी म्हणालो, "नुसत्या धारेचे एवढे पैसे द्यायचे तर मी अजूनही देणार नाही. पण कोणीतरी बसून विचार केलाय की हे कोण धरणार आहे, कुठल्या हातात, दिवसभर किती वेळा. त्याचे दिले. ते महाग वाटले नाहीत."

"आणि माझा?" त्यांनी खिशावर हात ठेवत विचारलं.

"तुमचा तुम्हाला आवडतो ना? मग तुम्ही आणि तो बघून घ्या."

ते मनापासून हसले. नंतर मी त्यांच्या चाकूंवर कधी बोललो नाही. उलट एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती पेटी मीच उघडायला लावली आणि तासभर बघत बसलो.

यंदाच्या हंगामात एका संध्याकाळी माय माझ्याजवळ येऊन बसली. "त्या चाकूवाल्यान्ला काय कळवायचं आसतं का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कळवता येतं, कंपनीच्या पानावर लिहिता येतं.

"मग लिही."

मी मोबाइल घेतला. ती भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून सांगू लागली, जसं समोर कोणी पाहुणा बसलाय. "म्हनावं, चाकू पोचला. मी डावखुरी बाई हाय, मोसंबीची कलमं करती. तुमचा चाकू माझ्या हाताला बरोबर हाय. तुमच्याकडं जो कोणी ह्यो घासतो त्याला माझा नमस्कार सांगा."

मी लिहीत होतो. इंग्रजीत नेमकं कसं म्हणावं याचा विचार करत मध्येच थांबलो तर ती म्हणाली, "थांब, आजून हाय."

"सांग."

"म्हनावं, पितळंची ती जीभ जराशी जाड हाय. आमच्या जंबेरीची साल नाजूक आसती, थंडीत तर लईच. ती जीभ कागदावानी पातळ करा. तेवढं केलं की मग काय बी नाव ठेवाय जागा नाय."

"हे पण लिहू?"

"लिही की," माय म्हणाली. "त्यान्ला कळाय नको?"

तिनं सांगितलं तसं सगळं मी लिहिलं आणि पाठवलं. दहा-बारा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आभार मानले होते आणि ती सूचना कारागिरांपर्यंत पोचवू असं म्हटलं होतं. मी मायला मराठीत वाचून दाखवलं. ती तेव्हा अंगणात बसून दगडावर चाकू घासत होती. हात न थांबवता तिनं ऐकलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि दगडावर पाण्याचा आणखी एक शिपका मारला.